तोगाशी ड्रायव्हरचा होकार

आमचे हे बोलत नाहीत. आजारामुळे नव्हे, मुळातच. लग्न ठरवायला आले तेव्हा सगळं बोलणं ह्यांच्या मावशीनं केलं आणि लग्न झाल्यावर मावशीचं काम माझ्या गळ्यात पडलं. तोगाशींना मुळ्याचं लोणचं आवडतं का, तोगाशी देवळाच्या उत्सवाला येणार का, सगळं गाव मला विचारतं आणि मी सांगते. मला बोलायला आवडतं, नाही कशाला म्हणू?

एकाच जागी हे बोलायचे. समुद्राच्या कडेनं आमची एका डब्याची गाडी जाते, तिच्यावर हे आयुष्यभर ड्रायव्हर होते. आमच्याकडे ड्रायव्हरनं सिग्नल नुसता बघून भागत नाही. पांढरा हातमोजा घातलेला हात सरळ लांब करायचा, सिग्नलकडे बोट रोखायचं आणि खणखणीत म्हणायचं, "निघायचा सिग्नल, हिरवा!" डब्यात कुणी असो नसो. लग्नाआधी मी त्याच गाडीनं शिवणाच्या क्लासला जायचे आणि मुद्दाम पुढच्या बाकावर बसून तो आवाज ऐकायचे. वाटलं, माणूस घरीही असाच बोलत असेल. फसले की हो!

घरात आलं ते फक्त बोट. बाहेर पडताना शेगडीकडे बोट, "गॅस, बंद!" कडीकडे बोट, "दार, बंद!" संपलं. बाकी दिवसभर तोंडातून ब्र नाही. आमची मुलगी चिसातो ह्या दोन वाक्यांवर लहानाची मोठी झाली. म्हणून गेल्या हिवाळ्यात तिनं फोनवर सांगितलं, "आई, मला माणूस मिळाला," तेव्हा कारण ऐकून मी हसत सुटले. हा कुनिमोतो शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. पहिल्यांदा दोघं नूडल्स खायला गेले, तर उठताना ह्यानं टेबलाकडे बोट दाखवून भर दुकानात म्हटलं, "छत्री, घेतली! पाकीट, घेतलं!" लिफ्टवाल्यांनाही असंच शिकवतात म्हणे. एक बोटवाला कमी होता म्हणून हिनं दुसरा शोधला.

तर कुनिमोतो मागणी घालायला आला. काळा सूट, हातात कॅस्टेला केकचा डबा. दिवाणखान्यात चटईवर गुडघे मोडून ह्यांच्यासमोर बसला. मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि सरकत्या दाराआड कान लावून उभी राहिले. कोणती आई राहणार नाही?

"चिसातोशी लग्न करायची परवानगी द्या," तो म्हणाला आणि त्यानं कपाळ चटईला टेकवलं.

मग काहीच नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं कुनिमोतोचा आवाज आला, "समजलं. मी पुन्हा येईन." मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत हा बूट घालून बाहेर.

आमच्या भागात मुलीचा बाप पहिल्या खेपेला हो म्हणत नाही, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. रात्री जेवताना ह्यांनी तोंड उघडलं. मी वाकून कान जवळ नेला, हल्ली तसंच करावं लागायचं.

"पोरगा बरा आहे," हे म्हणाले. "पण कानानं अधू दिसतो."

"का हो?"

"मी हो म्हटलं, तर घाम पुसत बसला."

मला काय आनंद झाला! लगेच चिसातोला फोन लावला. "अगं, बाबांचा होकार आहे!"

"त्यांनी तुला सांगितलं?"

"हो, आत्ता."

"आई," ती म्हणाली, "बाबांना मुळा आवडतो असं तू तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलीस. बाबांना मुळा आवडत नाही."

माझा अगदी तिळपापड झाला. पण खरं होतं ते. आयुष्यभर ह्यांच्या वतीनं बोलल्यावर आता खरं बोलले तर कुणाचा विश्वास बसेना. आणि कुनिमोतो तर आणखी अवघड. तो म्हणे, वडिलांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पुढं पाऊल टाकणार नाही. आईंनी माझ्या समाधानासाठी तसं म्हटलं असेल.

महिन्याभरानं पुन्हा आला, ह्या वेळी गोड घेवड्याच्या वड्या घेऊन. पुन्हा कपाळ चटईला, पुन्हा घड्याळाची टिकटिक. जाताना पोराचा चेहरा पांढराफटक. त्यानं चिसातोला सांगितलं, "तुझे बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते आणि टेबलाखाली त्यांनी मूठ आवळली होती."

मूठ आवळली होती, कारण हात थरथरतो! दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी पार्किन्सन असल्याचं सांगितलं होतं. चिसातोला ते ठाऊक होतं, कुनिमोतोलाही तिनं सांगितलं होतं. पण आम्ही सगळे त्याला हातापायाचा रोग समजत होतो. हात हलतो, दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, औषध घेतलं की जरा सुटतात. एवढंच. चेहऱ्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

मार्चच्या सुरुवातीला चिसातोचा फोन आला. रडून रडून आवाज बसला होता. कुनिमोतोची कागोशिमाला बदली झाली होती, एप्रिलपासून. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"तो म्हणतो, वडिलांचं मन मोडून मी तुला इतक्या लांब नेणार नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो तुमचा निरोप घ्यायला येईल आणि एकटाच जाईल. आई, बाबांना तो पसंत नाही तर तसं तोंडानं का सांगत नाहीत? असं दगडासारखं बसून काय मिळतं त्यांना?"

"अगं, पण त्यांना पसंत आहे!"

"तू नको बोलूस!" तिनं फोन ठेवून दिला.

आता पुढं ढोल येतो. ह्यात आणि ढोलात काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगतेय.

डॉक्टरीणबाईंनी कधीपासून मागं लावलं होतं, की गावच्या सभागृहात दर गुरुवारी पार्किन्सनवाल्यांसाठी ढोल शिकवतात, पाठवा ह्यांना. तालावर काहींचे पाय सुटतात, आवाजालाही व्यायाम होतो. हे जायला तयार नव्हते. पण चिसातोच्या त्या फोननंतर घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं होतं. म्हटलं, "चला, निदान काहीतरी बडवू तरी."

सभागृहात दोन मोठे खरे ढोल होते. बाकीचे म्हणजे गाडीच्या जुन्या टायरांवर चिकटपट्टी ताणून केलेले. शिकवणाऱ्या ओमुराबाई पहाटे मासळीबाजारात लिलाव पुकारतात. आवाज असा की खिडक्या हादराव्यात. आणि समोर सातआठ म्हातारेकोतारे, हातात काठ्या, सगळ्यांची तोंडं अशी की जणू मी आत्ताच त्यांची भांडी फोडलीत. मी वाकून नमस्कार केला, कुणाचा चेहरा हलेना. म्हटलं, काय मेली माणसं आहेत!

"कुणीही सुरुवात करा," ओमुराबाई म्हणाल्या. "एक जोरदार ठोका!"

झालं. निवृत्त बँक मॅनेजर इगाराशी शेजारच्या आजींकडे वळून पुटपुटले, "आधी तुम्ही." आजी म्हणाल्या, "छे छे, माझा कसला नंबर, आधी तुम्ही." त्यांनी पलीकडच्या सुशीवाल्याला पुढं केलं, त्यानं आमच्या ह्यांना. ह्यांनी पुन्हा वाकून इगाराशींना. आठ माणसं काठ्या उगारून एकमेकांना मान देत उभी, आणि ढोल वाट बघतोय. मला हे बघवेना. माझी नुसती पिशवी धरायची नेमणूक होती, पण मी इगाराशींच्या हातातली काठी ओढून घेतली आणि मोठ्या ढोलावर हाणली. डोंऽ!

"झाली सुरुवात!" मी म्हटलं. "आता बडवा!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकाच्याही तोंडावर रेष हलली नाही. मी मनातून चरकले, भलताच आगाऊपणा झाला. तेवढ्यात इगाराशी माझ्या कानाशी आले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाई, मी खूप हसतोय. दिसत नसेल. आमचा चेहरा रजेवर असतो."

माझ्या हातातली काठीच गळाली. अगं बाई! म्हणजे ही सगळी तोंडं रागावलेली नव्हती. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. तोच दगडी चेहरा, ज्याच्याकडे बघून कुनिमोतो दोनदा परत गेला होता.

ओमुराबाईंना मी सगळं सांगून टाकलं, तिथंच, सगळ्यांदेखत. सांगू नये अशी आमच्याकडे पद्धत आहे, पण पद्धत गेली खड्ड्यात. बाईंनी ऐकून घेतलं. मग ह्यांना विचारलं, "तोगाशीसान, तुम्ही त्या मुलाला हो कसं म्हणालात? तसंच आत्ता म्हणून दाखवा." आणि हळूच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

ह्यांचे ओठ हलले.

"दहापैकी किती मोठ्यांदा म्हणालात?"

"आठ," हे म्हणाले. ते मला कळलं, कारण मला ह्यांचे ओठ वाचायची सवय.

बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. भिंतीवरच्या हीटरची घरघर. बाईंचा प्रश्न, लख्ख. मग पुन्हा घरघर, नुसती घरघर. हे फोनकडे वाकले. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा लावलं. घरघर.

बाई म्हणाल्या, "ह्या आजारात असं होतं. आपल्याला वाटतं आपण ओरडतोय."

घरी येताना हे काही बोलले नाहीत, त्यात नवीन काही नव्हतं. पण मासळीच्या दुकानापाशी थांबले. मी कान जवळ नेला.

"त्याला ऐकूच गेलं नसेल," हे म्हणाले. "दोन्ही वेळा."

मला इतकं वाईट वाटलं! भर रस्त्यात ह्यांचा हात धरला. लग्नापासून कधी धरला नव्हता. आमच्या समोरच्या घरातल्या सोमाबाई येत होत्या, त्यांनी तोंड फिरवलं, फिरवू दे.

त्यानंतर ह्यांनी एकही गुरुवार चुकवला नाही. डोंऽ डोंऽ डोको डोंऽ. घरी उशीवर, अंगणात बादलीवर. पाय खरंच जरा बरे उचलायला लागले. उंबऱ्याशी अडले की मी तोंडानं डोको डोंऽ म्हणायची आणि हे पार व्हायचे. पण आवाज? बाई सगळ्यांना ठोक्याबरोबर आरोळी ठोकायला लावत. "हाऽ! सोऽरे!" इगाराशी तर बँकेत दडपलेलं सगळं बाहेर काढायचे. आमचे हे गप्प. फक्त ठोके.

"अहो, ओरडा ना!" मी म्हणायची.

"उगाच कसं ओरडायचं?" हे म्हणायचे. "कारण नको?"

शेवटच्या रविवारच्या आधीचा गुरुवार उजाडला. जीव अगदी टांगणीला लागला होता. मी वैतागून बाईंना म्हटलं, "सोडा हो, हा माणूस आयुष्यात फक्त सिग्नल बघून ओरडला."

ओमुराबाईंनी मान वर केली. "काय ओरडायचे?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर करून मला गप्प केलं. "तुम्ही नाही. ते."

ह्यांनी डाव्या हातातली काठी खाली ठेवली. उजव्या हातानं पुढचे ठोके दिले, डोंऽ डोंऽ डोको डोंऽ, आणि शेवटच्या ठोक्यावरून तोच हात काठीसकट सरळ समोर गेला, सभागृहाच्या दारावरच्या, बाहेरची वाट दाखवणाऱ्या हिरव्या दिव्याकडे.

"निघायचा सिग्नल, हिरवा!"

खिडक्या हादरल्या म्हणणार नाही. पण तोच पुढच्या बाकावरून ऐकलेला आवाज, जरा गंजलेला. सुशीवाल्यानं काठ्या वर केल्या आणि तोही ओरडला, "हिरवा!" मग सगळेच. त्या दिवशी आमच्या वर्गानं सोऽरे सोडून दिलं. सगळे सिग्नलच पुकारत होते.

रविवारी कुनिमोतो आला. ह्या खेपेला लाकडी पेटीतला मेलन! आमच्याकडे परसात मेलन पिकतात, शेजारी फुकट देतात, आणि ह्यानं शहरातल्या भारी दुकानातून रेशमी फीत बांधलेला मेलन आणला. चिसातो आत आलीच नाही. फाटकाशी गाडीत बसून राहिली. "बाबांचा चेहरा मला बघवत नाही," एवढंच म्हणाली.

कुनिमोतो पुन्हा चटईवर गुडघे मोडून बसला. ह्यांनी सकाळचं औषध वेळेवर घेतलं होतं, पांढरा शर्ट घातला होता. मी दाराआड. बोला हो आता, बोला! ह्यांचे ओठ हलले. मला दिसत होतं ना, ओठ हलत होते! पण ना ठोका, ना दिवा, आणि समोर जावयाचं वाकलेलं डोकं. आवाज कुठेतरी अडला तो अडलाच.

"आजवर फार त्रास दिला," कुनिमोतो म्हणाला. "चिसातोला मी उद्या एकटाच जाणार म्हणून सांगितलंय. तुमची माफी मागायला आलो होतो." त्यानं पेटी पुढं सरकवली, वाकला आणि उठला.

हेही उठले. कसेबसे उठले आणि त्याच्या मागं निघाले. खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि पाय चिकटले. पुढं बाहेरच्या पायरीवर कुनिमोतो पाठमोरा बसून बूट चढवत होता. मध्ये चार पावलांची जागा.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. "अहो कुनिमोतो, थांबा, ह्यांचा होकार आहे!" एका दमात सांगितलं असतं. पण माझ्या सांगण्याची किंमत मला कळली होती. मी ओठ दाबून धरले. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही मी, बाळंतपण धरून.

मग स्वयंपाकघरातून भात वाढायचे दोन लाकडी चमचे आणले, चटईवर बसले आणि मेलनच्या पेटीवर हाणायला सुरुवात केली. डोंऽ डोंऽ डोको डोंऽ. पेटी काय वाजली म्हणता! पैसे वसूल. कुनिमोतो दचकून वळला, एक बूट पायात, एक हातात. त्याला वाटलं असणार, ह्या घरात सगळ्यांनाच काहीतरी झालंय.

ह्यांचा उजवा पाय उचलला. उंबरा पार. डोंऽ डोंऽ डोको डोंऽ. एक पाऊल, आणखी एक. पायरीच्या कडेला येऊन उभे राहिले, ताठ, गाडीच्या केबिनमध्ये राहायचे तसे. हात वर गेला आणि बोट सरळ कुनिमोतोच्या छातीवर रोखलं.

"निघायचा सिग्नल, हिरवा!"

मी वाजवायची थांबले. समोरच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला, सोमाबाई, दुसरं कोण.

कुनिमोतोचा कणा आपोआप सरळ झाला. पुकारा ऐकला की तोच पुन्हा म्हणून परत द्यायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यालाही कळायच्या आत त्याचा हात वर आला, बुटासकट, आणि तो ओरडला,

"निघायचा सिग्नल, हिरवा!"

मग आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं. तो पायरीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, बूट छातीशी धरून.

गाडीचं दार धाडकन लागलं. चिसातो अंगणातून धावत आली आणि दारात उभी राहिली. एकदा त्याच्याकडे बघते, एकदा बापाकडे. "बाबा? ते तुम्ही ओरडलात?"

ह्यांचा चेहरा तसाच, दगडी. ती त्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा घाबरली, मला दिसलं. पण ह्यांनी घशाशी हात नेला, मोठा श्वास घेतला, मांडीवर तळव्यानं एक ठोका दिला आणि म्हणाले, सोमाबाईंच्या खिडकीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यांदा:

"तिसऱ्यांदा सांगतोय. पोरगा बहिरा आहे का?"

चिसातो हसली की रडली ते तिचं तिला ठाऊक. बापाच्या गळ्यात पडली ती काही सुटेना, आणि हे पडतील म्हणून मी आणि कुनिमोतो दोन्ही बाजूंनी धरून उभे. ह्यांचा हात तिच्या पाठीवर थरथरत होता. तो कुणी लपवला नाही.

मेलन एका बाजूनं फुटला होता. मी तो तिथंच पायरीवर कापला आणि चौघांनी रस ओघळू देत खाल्ला. कुनिमोतोनं विचारलं, "आवडला का बाबांना?" मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात हेच म्हणाले, "परसातला जास्त गोड असतो."